फाइल वर जाते तेव्हा

२४ मार्च १९७६, बुधवार. व्हाइट हाउसमधल्या मंत्रिमंडळाच्या दालनात राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्यासमोर अमेरिकेतले नामवंत विषाणुतज्ज्ञ आणि सार्वजनिक आरोग्याचे जाणकार बसले होते. पोलिओच्या लशीचे दोन जनक, जोनास सॉल्क आणि अल्बर्ट सेबिन, दोघेही हजर होते. या दोघांचं आपसात कधी पटलं नाही. त्या दिवशी मात्र दोघांचं मत एक होतं. सगळ्या देशाला लस टोचावी या मताचे किती जण, असं फोर्ड यांनी विचारलं. हात वर गेले. कुणाचा विरोध? कुणी बोललं नाही. चारचौघांत बोलायचा संकोच वाटत असेल तर आपण आपल्या खोलीत थांबतो, ज्याला काही सांगायचं असेल त्याने एकट्याने यावं, असंही फोर्ड म्हणाले. ते जाऊन थांबले. कुणी आलं नाही. मग सॉल्क आणि सेबिन यांना सोबत घेऊन त्यांनी वार्ताहरांसमोर घोषणा केली: अमेरिकेतल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला आणि मुलाला स्वाइन फ्लूची लस मिळावी, यासाठी काँग्रेसकडे साडेतेरा कोटी डॉलर मागितले जातील.

सत्ताधारी तज्ज्ञांचं ऐकत नाहीत, ही तक्रार आपल्या कानांना सवयीची आहे. फोर्ड यांनी ऐकलं. पुरतं ऐकलं. नऊ महिन्यांच्या आत मोहीम गुंडाळावी लागली, ज्या साथीसाठी ती आखली ती साथ आलीच नाही, आणि मधल्या काळात फोर्ड निवडणूकही हरले. संकटकाळी सत्ता, तज्ज्ञ आणि सरकारी यंत्रणा यांचं नातं कसं चालतं हे बघायचं, तर आडमुठ्या नेत्याचं उदाहरण फारसं कामाचं नाही. त्यात दोष कुठे हे शाळकरी पोरालाही कळतं. फोर्ड यांचं प्रकरण अवघड आहे, कारण त्यात सगळेच जण आपापलं काम नीट करत होते.

सुरुवात झाली न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर. जानेवारी महिना, कडाक्याची थंडी, नव्याने भरती झालेली तरणी पोरं दाटीवाटीच्या बराकींत. तापाची साथ पसरली. १९ वर्षांचा एक सैनिक आजारी असूनही पायपिटीच्या सरावाला गेला, कोसळला आणि ४ फेब्रुवारीला गेला. राज्याच्या आरोग्यखात्यातले मार्टिन गोल्डफील्ड यांना हा फ्लू वाटत होता, तळावरच्या लष्करी डॉक्टरांना दुसराच विषाणू वाटत होता. दोघांत पैज लागली आणि नमुने तपासणीला गेले. गोल्डफील्ड जिंकले. काही नमुन्यांतला विषाणू मात्र त्यांच्या प्रयोगशाळेला ओळखता येईना, म्हणून ते नमुने अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राकडे, म्हणजे सीडीसीकडे गेले. तिथे निष्पन्न झालं, की हा डुकरांतल्या फ्लूचा विषाणू आहे. १९१८ च्या महासाथीचा विषाणू याच कुळातला, असं तेव्हाचं शास्त्र मानत होतं.

१९१८ म्हटल्यावर कुठल्याही साथतज्ज्ञाच्या पोटात गोळा येतो. अमेरिकेत त्या साथीने पाच लाखांहून अधिक बळी घेतले होते. आपल्याकडे ती मुंबई बंदरातून शिरली आणि देशभरात कोटीच्या वर माणसं घेऊन गेली.

फोर्ट डिक्सवर पुढे रक्ततपासण्या झाल्या, त्यांत दोनशेहून अधिक सैनिकांना या विषाणूची लागण होऊन गेल्याचं दिसलं. मृत्यू एकच. तळाबाहेर साथीचा मागमूस नाही. हाती होतं ते एवढंच.

आता फाइलीचा प्रवास बघण्यासारखा आहे. १० मार्चला सीडीसीच्या सल्लागार समितीची बैठक झाली. साथ येण्याची शक्यता किती, याचा आकडा तिथे कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितला नाही. पुढे याच मंडळींना खाजगीत विचारलं गेलं, तेव्हा दोन टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत अंदाज निघाले. म्हणजे सर्वांत घाबरलेल्या माणसाच्या मतेही पाचातले चार डाव साथ न येण्याचे होते. १३ मार्चला सीडीसीचे संचालक डेव्हिड सेन्सर यांनी वरिष्ठांसाठी टिपण लिहिलं. टिपण उत्तम होतं. काहीच न करण्यापासून ते सरकार आणि खाजगी डॉक्टर यांनी मिळून सगळ्यांना टोचण्यापर्यंतचे पर्याय क्रमाने मांडले होते, प्रत्येकाचे गुणदोष दिले होते आणि शेवटच्या पर्यायाची शिफारस होती. त्यात साथीची ‘दाट शक्यता’ असल्याचं म्हटलं होतं. दोन-वीस टक्क्यांची जागा एका विशेषणाने घेतली. दोनच दिवसांनी आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचे मंत्री डेव्हिड मॅथ्यूज यांनी अंदाजपत्रक कार्यालयाच्या प्रमुखांना चिठ्ठी पाठवली. तोवर विशेषणही गळून पडलं होतं. येत्या हिवाळ्याच्या तोंडावर मोठी साथ येणार असल्याचा पुरावा आहे, १९१८ चा विषाणू परततो आहे, आणि दहा लाख अमेरिकन मरतील असा अंदाज आहे, असा त्या चिठ्ठीचा आशय होता. एका मृत्यूपासून दहा लाखांपर्यंत कागद पोचायला सहा आठवडेसुद्धा लागले नाहीत.

यात कुणी खोटं बोललं का? नाही. मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला ही गंमत समजावून सांगावी लागणार नाही. फाइल एकेक टेबल वर चढते तसं टिपण आखूड होतं, शंका परिशिष्टात जातात, परिशिष्ट खालच्या टेबलावर राहतं आणि वर पोचतो तो शेरा: ‘मान्यतेस्तव सादर.’ वरच्या माणसाला वेळ नसतो, खालच्याला काम मार्गी लावायचं असतं. ‘कदाचित’ या शब्दावर कोणतंही अर्थखातं पैसे सोडत नाही, हे मॅथ्यूज यांना ठाऊक असणारच.

शिवाय अशा टिपणाला नकार देणं राष्ट्राध्यक्षाला जवळजवळ अशक्य असतं. दहा लाख मृत्यूंचा इशारा देणारा कागद दप्तरात पडलेला, निवडणुकीचं वर्ष, आणि उद्या खरोखरच साथ आली तर? घोषणेच्या आदल्याच दिवशी, २३ मार्चला, नॉर्थ कॅरोलायनातल्या पक्षांतर्गत लढतीत रोनाल्ड रेगन यांनी फोर्ड यांना हरवलं होतं. टीकाकारांनी पुढे दोन तारखा जोडून घोषणेला निवडणुकीचं राजकारण ठरवलं. ते फारसं पटत नाही. उलट बिनपुराव्याने लस टोचवून घ्यायला लावण्यात मतं मिळण्यापेक्षा जाण्याचीच भीती अधिक. फोर्ड यांची चूक वेगळी होती. त्यांनी ‘तुमचा विरोध आहे का’ असं विचारलं. ‘तुमच्या मते शक्यता किती’ असं विचारलं असतं, तर विरोध न करताही कुणीतरी दहा टक्के म्हणालं असतं, आणि खोलीतली हवा पालटली असती.

विशेषण आणि आकडा यांचा हा घोळ नवा नव्हता. १९५१ मध्ये सीआयएने युगोस्लाव्हियावरच्या संभाव्य आक्रमणाबद्दल अहवाल दिला, त्यात हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ वर्तवली होती. परराष्ट्र खात्यातल्या एकाने अहवालाचे कर्ते शेरमन केंट यांना सहज विचारलं, म्हणजे किती? केंट म्हणाले, ६५ विरुद्ध ३५. विचारणारा चकित झाला. त्याने फारच कमी धरलं होतं. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. एकाच मसुद्याला एकमताने मान्यता देणाऱ्या त्या मंडळींच्या मनात २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत वेगवेगळे आकडे होते! दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, क्यूबातलं सरकार उलथवण्यासाठी आखलेल्या बे ऑफ पिग्ज मोहिमेच्या यशाबद्दल सेनाप्रमुखांच्या टिपणात एक इंग्रजी शब्द आला, ‘फेअर’. ते लिहिणारे जनरल डेव्हिड ग्रे यांच्या मनात त्याचा अर्थ होता शंभरात तीस. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यापर्यंत शब्द पोचला, तीस पोचले नाहीत. सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासित किनाऱ्यावर उतरवले गेले आणि तीन दिवसांत बहुतेक सगळे पकडले गेले.

केनेडी त्यातून शिकले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा सल्लागारांच्या काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत. आपण समोर असलो की लोक आपल्या चेहऱ्याकडे बघून बोलतात, हे त्यांना कळलं होतं. पहिल्या दिवशी बहुतेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता, आठवडा सरता सरता तो नाकेबंदीकडे वळला. फोर्ड यांनी दहा जणांच्या देखत ‘माझ्या खोलीत येऊन सांगा’ म्हटलं, त्यात सौजन्य होतं. पण त्या दारातून आत जाणारा माणूस उरलेल्या सगळ्यांना दिसणार होता.

सीडीसीच्या सल्लागार समितीत प्रश्नच निघाला नाही, असंही नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचे रसेल अलेक्झांडर यांनी विचारलं होतं, की लस तयार करून ठेवावी आणि साथ दिसली तरच टोचावी, असं करता येणार नाही का? साधा प्रश्न. लस बनवणं आणि लस टोचणं हे दोन निर्णय आहेत. बनवण्याचा निर्णय मार्चमध्ये घ्यावाच लागणार होता, कारण कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस करायला काही महिने लागतात. टोचण्याचा निर्णय सप्टेंबरपर्यंत थांबू शकत होता. सीडीसीचं उत्तर असं, की फ्लू आठवड्यांत पसरतो, टोचायला महिने लागतात, साथ दिसल्यावर धावून उपयोग नाही. उत्तरात तथ्य होतं. तरीही प्रश्न टिपणात वर जायला हवा होता. दोन्ही निर्णय एकाच फाइलीत बांधले गेले आणि एकाच सहीने मंजूर झाले. उन्हाळ्यात जगात कुठेही हा विषाणू दिसला नाही, तेव्हा सेबिन यांनी जाहीरपणे मत बदललं आणि लस साठवून ठेवा म्हणाले. पण तोवर मोहिमेला थांबा नावाचं स्टेशनच उरलं नव्हतं.

यंत्रणेच्या तऱ्हा तर विचारू नका. एका कंपनीने चुकीच्याच विषाणूपासून वीस लाखांच्या आसपास मात्रा तयार केल्या. विमा कंपन्यांनी लसउत्पादकांना संरक्षण द्यायला नकार दिला, कारण कोट्यवधी माणसांना टोचल्यावर किती जण कोर्टात जातील याचा हिशेब त्यांना मांडता येईना. (शक्यतेचा आकडा मागणारे या कथेत तेवढेच निघाले.) ऑगस्टपर्यंत गाडं अडलं. तेवढ्यात फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेली माणसं धडाधड मरू लागली. स्वाइन फ्लूच आला, अशी हाकाटी झाली. तो निघाला वेगळाच आजार, त्याला पुढे ‘लीजनेअर्स’ हे नाव पडलं. तपासात फ्लू नाही हे कळूनही भीती उरली, आणि जबाबदारी सरकारच्या अंगावर घेणारा कायदा काँग्रेसने चटकन मंजूर केला.

१ ऑक्टोबरला लसीकरण सुरू झालं. ११ तारखेला पिट्सबर्गमध्ये एकाच केंद्रावर लस घेतलेले तीन वृद्ध दगावले. लशीशी संबंध सिद्ध झाला नाही. लाखो वृद्धांना टोचताना काही मृत्यू योगायोगाने त्याच दिवशी येणारच. पण हे लोकांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. कित्येक राज्यांनी मोहीम थांबवली, आणि फोर्ड यांनी सहकुटुंब टीव्हीसमोर बाह्या वर करून लस घेतली. नोव्हेंबरात मिनेसोटातून गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची खबर आली. हातापायांतली शक्ती जाते, काहींना श्वाससुद्धा घेता येत नाही. लस घेतलेल्यांत साधारण लाखामागे एक जादा रुग्ण, असं प्रमाण पुढे ठरलं. साथ चालू असती तर हा धोका कुणीही पत्करला असता. साथ नव्हती. १६ डिसेंबरला मोहीम थांबली तोवर चार कोटींहून अधिक लोकांना टोचून झालं होतं.

कार्टर सरकारचे नवे आरोग्यमंत्री जोसेफ कॅलिफॅनो यांनी सेन्सर यांना पदावरून दूर केलं. हे थोडं अन्यायाचंच झालं. साथ आली असती आणि गोदामात लस नसती, तर याच माणसाला देशाने फाडून खाल्लं असतं, आणि आपण तोच सल्ला पुन्हा देऊ, असं सेन्सर पुढेही म्हणत राहिले. कॅलिफॅनो यांनी दुसरी गोष्ट मात्र शहाणपणाची केली: झाल्या प्रकाराचा निःपक्ष वृत्तान्त लिहायला हार्वर्डचे रिचर्ड न्यूस्टाट आणि तरुण डॉक्टर हार्वी फाइनबर्ग यांना सांगितलं. न्यूस्टाट म्हणजे राष्ट्राध्यक्षाची सत्ता हुकमांत नसून मन वळवण्यात असते, हा विचार १९६० मध्ये मांडणारे अभ्यासक. त्यासाठी ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा किस्सा सांगत: आपल्यामागून सेनापती आयसेनहॉवर या खुर्चीत बसतील, हे करा ते करा म्हणतील आणि काहीच होणार नाही, बिचाऱ्यांना हे लष्करासारखं वाटणार नाही, अशी ट्रुमन यांनी चेष्टा केली होती. फोर्ड यांच्या बाबतीत न्यूस्टाट यांना उलटा नमुना भेटला. इथे राष्ट्राध्यक्षाने जे म्हटलं ते घडत गेलं, आणि थांबवायची सोय कुणी ठेवली नव्हती.

पुढे २००९ मध्ये स्वाइन फ्लू हा शब्द पुण्याच्या घराघरांत पोचला. ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी याच शहरात गेला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, रस्त्यावर मास्क आणि रुमाल दिसू लागले. या वेळी महासाथ खरीच होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिचा सामना कसा केला, हे तपासणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते तेच फाइनबर्ग, आता केस पिकलेले. वॉशिंग्टनमध्ये १९७६ कुणी विसरलं नव्हतं. लस विकत घ्यायची हा निर्णय आधी झाला आणि ती टोचायची कधी व कुणाला हे नंतर ठरलं. अलेक्झांडर यांचा प्रश्न तेहेतीस वर्षांनी वर पोचला होता. त्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या शहरांत लोक पहाटेपासून केंद्रांबाहेर लहान मुलांना घेऊन उभे राहिले. अंड्यांतला विषाणू या खेपेला अपेक्षेपेक्षा फार हळू वाढला होता, आणि बऱ्याच जणांना लस संपल्याची पाटी वाचून घरी परतावं लागलं.