इर्जिक

करमाळा तालुक्यातलं जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. उजनी धरणाच्या पाण्यामुळे या भागात ऊस आणि केळी वाढली, तरी रब्बी ज्वारीचं महत्त्व सोलापूर जिल्ह्यात आजही आहे. ही ज्वारी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. नेमकं तेव्हाच घरातलं कुणी आजारी पडलं तर? उभं पीक थांबत नाही, मजूर मिळत नाहीत.

अशा वेळी महाराष्ट्राच्या खेड्यांत इर्जिक घातली जाई. नांगरट असो वा काढणी, सोबती आपापली बैलं, औतं, विळे घेऊन अडलेल्याच्या रानात उतरत. मजुरी कुणी घेत नसे. धनी फक्त पोटभर जेवू घाली. दुपारी बांधावर भाकरी मोडताना गप्पांना जो रंग चढे, तो स्वतःच्या रानात एकट्यानं राबताना कुठला? मला तर हीच इर्जिकीची खरी कमाई वाटते. सावड या दुसऱ्या पद्धतीत कामाची फेड कामानं होते. इर्जिकीत तसा हिशेब नसे.

आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. पण अडचणी संपल्या नाहीत. यंदा सुगीत शेजारच्या मित्राचं रान मागं पडलेलं दिसलं, तर त्यानं हाक मारायची वाट पाहू नका. चार जण जमवा आणि जा.