शस्त्र बाळगणे हा हक्क आहे काय?

(धम्मसभेत दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षावासात एका खेड्यातील पाच-सहा तरुण माझ्याकडे आले होते. त्यांच्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली, घरातील देव विसर्जित केले आणि गावकीची कामे सोडून दिली. तेव्हापासून त्यांच्या वस्तीवर रात्री-अपरात्री दगड पडू लागले. त्यांनी मला विचारले, "साहेब, गावातील बड्या घरांत परवान्याच्या बंदुका आहेत. बंदूक बाळगणे हा आमचाही हक्क नाही काय?" हा प्रश्न उद्या तुमच्याही दाराशी येऊ शकेल. म्हणून त्याचे उत्तर आज आपण नीट समजून घेऊ.

प्रथम निसर्गदत्त हक्काचा विचार करू. अंगावर धावून येणाऱ्यापासून आपला जीव वाचविणे हा मनुष्यमात्राचा हक्क आहे. कायदा तो देत नाही, मान्य करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे, आणि तो स्वतःपुरताच नसून दुसऱ्याच्या रक्षणासाठीही आहे. त्यास दोन मर्यादा आहेत. सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवधी असेल तर हा हक्क चालत नाही, आणि बचावास लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही.

परंतु जीव वाचविणे हे साध्य आहे, बंदूक हे साधन आहे. साध्य निसर्गदत्त असले म्हणून प्रत्येक साधन निसर्गदत्त ठरत नाही. बंदूक बाजारात विकत मिळते. ती निर्बंधाविना ज्याला त्याला मिळू लागली, तर जमीनदाराच्या घरी दहा येतील आणि मजुराच्या घरी एकही येणार नाही. असा हक्क दुबळ्याचे रक्षण करील काय?

यावर कोणी म्हणेल, "आम्हाला तर शतकानुशतके निःशस्त्र ठेवले!" हे खरेच आहे. मनूने शस्त्र उचलण्याची मुभा द्विजांना दिली. या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही, याचे कारण पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या भाषणात दिले आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाच्या हातून शस्त्र काढून घेतले आणि विद्याही काढून घेतली. अमेरिकेतही हेच घडले. तेथील घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ साली लिहिला गेला. पण गुलामगिरी संपताच १८६५ साली मिसिसिपी राज्याने कायदा केला, की मुक्त झालेल्या निग्रोने परवान्यावाचून बंदूक बाळगू नये. ज्याला समाज माणूस मानीत नाही, त्याच्यासाठी कागदावरील हक्क कागदावरच राहतो.

आता आपल्या राज्यघटनेकडे वळू. इंग्रजांच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याविरुद्ध देशात मोठा रोष होता. म्हणून १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. त्याच आधारावर डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी घटना समितीत दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला हवे ते हत्यार सरकारी नियंत्रणावाचून विकत घेता येऊ लागले, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. आणि पुढे ते म्हणाले, की आग्रह धरावयाचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, देशावर संकट आले असता शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा.

या विचाराचे मोल आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळेल? गेल्या शतकापूर्वीच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, आणि ती पुन्हा कायम स्वरूपात उघडून महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. म्हणून घटनेचे कलम २३ ध्यानात ठेवा. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा घेताना राज्याने धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करू नये, असे ते सांगते. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क मात्र घटनेत नाही. कलम १९ मध्ये सभेचा हक्क आहे, तोही शांततेने व विनाशस्त्र.

मग त्या तरुणांना काय आहे? हत्यारांच्या १९५९ च्या कायद्याप्रमाणे परवाना मागता येतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. परंतु याहून मोठे साधन १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आहे. त्याखालील १९९५ च्या नियमांतील नियम ३ वाचा. जेथे अत्याचाराचा संभव आहे, तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे बंदुकीचे परवाने रद्द करणे, बेकायदा हत्यारे जप्त करणे आणि जरूर वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने देणे, ही कामे त्याने राज्य सरकारवर सोपविली आहेत. "तुम्ही बौद्ध झालात, आता हा कायदा तुम्हास लागू नाही," असे कोणी सांगेल. त्यास सांगा, १९९० पासून अनुसूचित जातींतील बौद्धांचे हे स्थान कायद्याने मान्य आहे.

आणि पंचशीलाचे काय? अहिंसेचा अर्थ मुकाट्याने मार खाणे असा नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने भेद केला, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखविले आहे. वैशालीचा सेनापती सिंह भगवंतांचा उपासक झाला. परंतु शस्त्रांचा व्यापार उपासकास वर्ज्य आहे, हेही विसरू नका.

त्या तरुणांकडून मी तीन कामे करून घेतली. घडलेल्या प्रत्येक प्रसंगाची तारीखवार लेखी फिर्याद, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांकडे नियम ३ चा उल्लेख करून अर्ज, आणि दोन्हींची पोच. अर्जात त्यांनी आपल्यासाठी बंदूक मागितली नाही. दगडफेक करणाऱ्यांच्या पाठीशी असलेले परवाने काढून घ्या, एवढेच मागितले. पुढे वस्तीजवळ पोलीस बसले आणि दगड थांबले.

बंधुभगिनींनो, आपली खरी मागणी आपल्या घरी बंदूक येण्याची नाही. आपल्याविरुद्ध कोणाची बंदूक उठू नये, ही आहे. ती मागणी घटनेने मान्य केली आहे. ती बजावून घेण्यासाठी कायदा वाचा, अर्ज लिहा आणि एकजुटीने उभे राहा.

जय भीम!