संगणकाचा तास आणि अकरावीची निवड

महाराष्ट्रात अकरावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याची दिशा समुपदेशकाच्या सल्ल्यापेक्षा विषयांच्या जुळणीने अधिक ठरते, आणि संगणकशास्त्र हा ‘बायफोकल’ विषय त्याचे ठळक उदाहरण आहे. बायफोकल, म्हणजेच द्विलक्षी, विषय २०० गुणांचा असतो व तो घेणाऱ्यास दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडता येतो. हा सोडलेला विषय बहुधा जीवशास्त्र असल्याने वैद्यकीय शिक्षणाची वाट त्याच क्षणी दुरावते. तरीही घरोघरी चर्चा होते ती प्रात्यक्षिकांच्या गुणांची, कारण विषय ‘स्कोअरिंग’ मानला जातो.

या अभ्यासक्रमात इंटेलने १९७६ मध्ये आणलेला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर दीर्घकाळ शिकवला गेला. तो जुना म्हणून त्याला नावे ठेवणे योग्य नव्हे. प्रयोगसंचाच्या छोट्या कळफलकावर शून्य ते नऊ अंक व ए ते एफ अक्षरे वापरणाऱ्या षोडशमान पद्धतीतले संकेत एकेक करून भरताना, दोन संख्यांची साधी बेरीजही यंत्र किती पायऱ्यांनी करते हे विद्यार्थ्याला दिसते. एक संकेत चुकला की उत्तर चुकते, आणि ती चूक हुडकण्यात ज्याला गोडी वाटते त्याला स्वतःचा कल तिथेच उमगतो. मात्र जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवले आणि त्यावर सही मिळाली, की ही संधी वाया जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

त्याआधीच्या शालेय वर्षांत टंकलेखन, चित्रे रंगवणे आणि सादरीकरण एवढ्यावरच तास संपला, तर संगणक म्हणजे तयार सॉफ्टवेअर चालवणे अशी समजूत पक्की होते. एका यंत्रापुढे तिघे-चौघे बसले असता एकाच्याच हाती माउस राहतो आणि उरलेले, त्यातही अनेकदा मुली, वहीत पायऱ्या लिहून घेतात. राज्याने २०१६ मध्ये दहावीसाठी कलचाचणी, म्हणजे आवड कोणत्या क्षेत्राकडे झुकते हे प्रश्नावलीतून जोखणारी चाचणी, सुरू केली. हेतू स्तुत्य होता, परंतु जे काम कधी हाताळलेच नाही त्याविषयीची आवड प्रश्नावलीला कशी सांगता येणार? म्हणून मार्गदर्शनाची सुरुवात आठवीतच व्हायला हवी, आणि न चालणाऱ्या प्रोग्रामपाशी कोणता विद्यार्थी तास संपल्यावरही रेंगाळतो, हे पाहणाऱ्या संगणक शिक्षकाचे मत प्रवेश अर्जातील पसंतीक्रम भरण्यापूर्वी पालकांनी विचारायला हवे.