गाडी अडली? कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडा

आजचा विषय आहे जुनी स्प्लेंडर. १९९४ साली आलेली, ९७.२ सीसीची. बाबांनी घेतली, दादाने दामटली आणि आता कॉलेजला जायला तुमच्या वाट्याला आली, तीच ती. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं, नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, पण कार्बोरेटरवाल्या गाड्या रस्त्यावर अजून ढिगाने आहेत.

अशी गाडी अडली की गॅरेजमध्ये हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "कार्बोरेटर बदलावा लागेल." दोन, "इंजिनचं काम निघालंय." दुसरं वाक्य घरी सांगितलं की लगेच गाडी विकायच्या गोष्टी सुरू होतात. म्हणून पैसे काढायच्या आधी बिघाड कुठे आहे ते आपल्यालाच कळलेलं बरं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात बग आला की पहिला प्रश्न असतो, "नेमकं काय केल्यावर होतं?" गाडीलाही तेच विचारायचं.

समजा गाडी स्टार्टच होत नाही. आठ-दहा किका मारा आणि प्लग काढून बघा. प्लग ओला आहे? म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. प्लग कोरडा ठणठणीत? म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये. अर्धा तपास इथेच झाला.

ओला असेल तर प्लग पुसा, कॅपमध्ये घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, त्यामुळे हे भोकापासून लांब करा. ठिणगी निळसर, कडक हवी. पिवळट, मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग लावा. सगळ्यात स्वस्त इलाज तोच.

कोरडा असेल तर कार्बोरेटरच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरा, कॉक चालू ठेवा आणि स्क्रू सैल करा. (विडी-सिगारेटवाले मित्र लांब!) धार येऊन थांबली तर कॉक किंवा त्याची जाळी तुंबलीय. बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढतं. कोकणात गाडी अख्खा पावसाळा पडवीत उभी राहिली की हे व्हायचंच. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला.

आणि एक गंमत. गाडी चार-पाच किलोमीटर छान पळते, मग गचके देत बंद पडते, दहा मिनिटांनी परत चालू. लोक कॉइल बदलतात! आधी टाकीचं झाकण उघडून बघा. 'सुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. हवा आत जात नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. खर्च शून्य.

आता गाडी चालते, पण मिसिंग आहे. इथे माझी आवडती युक्ती. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण रेस अशा खुणा करा. रिकाम्या रस्त्यावर चालवा आणि कुठल्या खुणेला अडते ते बघा. आयडलिंगला किंवा पावच्या आत अडत असेल तर स्लो जेट. मधल्या भागात अडली तर नीडल. फुल रेसला दम सोडत असेल तर मेन जेट, किंवा पेट्रोलच कमी येतंय. आता थोडा चोक ओढून बघा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलाय, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनच्या जोडातून हवा खेचतेय. अजून बिघडली तर पेट्रोल जास्त होतंय: एअर फिल्टर भरलाय किंवा फ्लोटची पिन झिजलीय.

जेट साफ करायला तार घालू नका, घालूही देऊ नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मायलेज कायमचं गेलं. क्लीनर स्प्रे आणि हवा पुरते. मिक्सिंगच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो हलक्या हाताने आत बसवून किती फेरे बसले ते मोजा, लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं तेच कळणार नाही.

राहिला धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, तो कार्बोरेटर किंवा फिल्टरचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, त्यावर कार्बोरेटर बदलून काही उपयोग नाही. फक्त सकाळी स्टार्ट करताना निळा येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील. ते काम अख्ख्या इंजिनाएवढं मोठं नाही. रेस देताना सतत येत असेल तर पिस्टन रिंगा. आणि थंड असताना छान, गरम झाली की स्टार्टच होत नाही, असं असेल तर इंजिन उघडू देण्याआधी थंड इंजिनावर टॅपेट तपासून घ्या. टाइट टॅपेटमुळे गरम इंजिनात व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत, कॉम्प्रेशन जातं. फटीचं माप मॅन्युअलमध्ये असतं.