कलम १०ची वकिली

पत्रिकेत माझा विषय ‘घटस्फोटाला पर्याय’ असा छापलाय. मघाशी एका काकूंनी विचारलं, ‘म्हणजे सोसून नांदायचं, असंच ना?’ नाही काकू. नांदायचं नाही आणि घटस्फोटही घ्यायचा नाही. (हशा)

१९५५चा हिंदू विवाह कायदा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून इतिहास सोडते. कलम १३ म्हणजे घटस्फोट, कलम १० म्हणजे न्यायालयीन विभक्तता. १९७६च्या दुरुस्तीनं दोन्हींची कारणं एकच झाली: क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षं टाकून देणं वगैरे. तेव्हापासून आमचे वकीलबंधू म्हणतात, तेवढंच सिद्ध करायचं तर सरळ घटस्फोट मागा! माझं भांडण इथेच आहे. आपल्याकडे ‘मुलगी सध्या माहेरी असते’ यात वीस-वीस वर्षं निघतात. ना कागद, ना पोटगी. म्हणून म्हणते, वेगळं राहायचं तर हुकूमनामा घेऊन राहा.

कागदाशिवाय वेगळं राहिलं की काय होतं, ते रखमाबाईंचंच बघा. अकराव्या वर्षी लग्न, आणि मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार. नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, १८८४ साली मुंबईत दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. नको असलेल्या पुरुषाकडे बाईला धाडणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. मग अपील, पुन्हा सुनावणी. १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन म्हणाले, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. या बाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली! (टाळ्या) वर्तमानपत्रं पेटली, टिळक विरोधात. शेवटी १८८८ साली दादाजीनं २,००० रुपये घेऊन मिटवलं. बाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला दवाखाना चालवला, राजकोटला… चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं.

तर आज कलम १०चा हुकूमनामा मिळाला, की एकत्र राहण्याचं बंधन संपतं. लग्न मात्र शाबूत. कलम २५खाली पोटगी मागता येते. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर बायकोचा वारसाहक्क उभा असतो. घटस्फोटाला लग्नानंतर वर्षभर थांबावं लागतं, इथे ती अट नाही. आणि वेगळ्या राहणाऱ्या पत्नीशी संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या नवऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ६७खाली २ ते ७ वर्षांची कैद आहे. त्याला हुकूमनामा लागत नाही, पण ‘आम्ही वेगळे राहत होतो’ हे कागदानं चटकन सिद्ध होतं.

मागून कोण म्हणालं, ‘वर्षानं नवराच घटस्फोट मागेल’? मागू शकतो. वर्षभरात पुन्हा एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणीही मागू शकतं. मी हे लपवणार नव्हते, येतच होते त्यावर! पण मागितला म्हणजे मिळालाच असं नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं एका नवऱ्याला नकार दिला: विभक्ततेनंतरही त्याचा व्यभिचार चालूच होता आणि पोटगीही तो देत नव्हता. ज्यांना पुनर्विवाह करायचाय, त्यांनी मात्र माझं ऐकू नका. विभक्ततेत दुसरं लग्न करता येत नाही.

दुसरी चिठ्ठी. ख्रिस्ती कायदा आणि गोव्याचा नागरी कायदा राहिलाच. प्रश्न खाली ओट्यावर विचारा, पण आपापल्या केसचे कागद आज काढू नका. चष्मा घरी राहिलाय.