‘वय झालं’ हे निदान नाही

आज बोलायचंय ज्येष्ठांच्या मानसोपचारतज्ज्ञांबद्दल. असे डॉक्टर नेमकं करतात काय, हे मला आजीमुळे कळलं.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. कोरेगाव तालुक्यात राहते, वय ७८. आजोबा गेल्यावर वर्षभरात ती बदलत गेली. भजनाला जाणं बंद, जेवण अर्ध्या भाकरीवर. दोनदा गॅस चालूच राहिला. काही विचारलं की, "मला न्हाई ठावं." आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं. मी तर पुण्यात बसून गुगल केलं आणि डिमेन्शिया आहे असं घरात जाहीरच करून टाकलं. म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं, आजीला पुण्याला आणायचं, इथपर्यंत ठरलं होतं.

तेवढ्यात सांगलीच्या मावशीने तिला चार दिवस नेलं आणि तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. आजी दारातच अडली, "मी काय येडी झालीय व्हय गं?"

डॉक्टरांनी आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर सर्दीची एक गोळी निघाली. झोप येते म्हणून आजी ती रोज रात्री घ्यायची. अशा काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती आणखी धूसर होते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग त्या आजीशी निवांत बोलल्या. पंतप्रधान कोण, असलं काही नाही. यंदा रानात काय पेरलंय, आठवड्याचा बाजार कधी, पोरं किती. शाळा न शिकलेल्या माणसाला लिहायला लावून स्मरणशक्ती मोजता येत नाही ना! शेवटी रक्ततपासणी: बी-१२, थायरॉईड, सोडियम.

इथे कळीचा मुद्दा येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एकच, बग तीन वेगळे. एक, डिलिरियम. माणूस काही तासांत किंवा एकदोन दिवसांत भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. कारण बहुतेकदा शरीरात असतं: लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, एखादं औषध. ही इमर्जन्सी आहे, लगेच दवाखाना गाठायचा. दोन, डिप्रेशन. म्हातारपणी ते रडण्यातून कमी आणि अंगदुखी, भूक मरणं, विसरभोळेपणा यांतून जास्त दिसतं. उपचाराने सुधारतं. तीन, डिमेन्शिया. हा महिन्या-वर्षांत हळूहळू वाढत जातो. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. म्हणजे उरलेल्या बहुतेकांचा विसरभोळेपणा डिमेन्शिया नसतो. आणि कधी कधी हे तिन्ही एकाच माणसात एकत्र असतात! ते सोडवणं हेच या डॉक्टरांचं काम.

आजीला निघालं डिप्रेशन, त्यात बी-१२ कमी. ती सर्दीची गोळी बंद झाली आणि अगदी कमी डोसने औषध सुरू झालं. दोनेक महिन्यांनी तिने फोनवर स्वतःहून विचारलं, "म्हस किती दूध देतीया?" आई रडलीच. सगळं पूर्ववत झालेलं नाही. म्हातारपणीचं डिप्रेशन कधी कधी डिमेन्शियाची सुरुवातही असू शकतं, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. पण घराला कुलूप लागलं नाही.

या विषयाचं वेगळं उच्चशिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल विद्यापीठात, बंगळुरूच्या निमहान्समध्ये मिळतं, पण असे तज्ज्ञ मोजकेच. म्हणून सातारा-सांगलीत वाट बघत बसू नका. नेहमीचे मानसोपचारतज्ज्ञही चालतील. जाताना तीन गोष्टी न्या: सगळ्या गोळ्या, बदल कधीपासून आणि किती वेगाने झाला याची नोंद, आणि रोज सोबत राहणारं माणूस. माझ्यासारखा व्हिडिओ कॉलवाला नातू नको! औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

आणि हो, डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. ‘अस्तु’ सिनेमात त्यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृत पंडिताचं काम केलंय. घरच्यांसोबत बघा.

आज घरी फोन लावाल तेव्हा ‘जेवलीस का’च्या पुढे एक प्रश्न विचारा, "आजी, भजनाला जातेस ना?" उत्तर नीट ऐका. भेटू पुढच्या भागात.