म्हाताऱ्या कुत्र्याचे घर

(इंदूर येथे मंडळाच्या मासिक सभेत आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुले शिकून पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेली, अशी आपल्या मंडळातली घरे मोजायला हाताची बोटे पुरणार नाहीत. त्यांतल्या काही घरांत मुलांनी हौसेने आणलेला कुत्रा मागे राहिला आहे. आपण सत्तरी गाठली आणि तोही म्हातारा झाला. आमच्याकडे असाच एक लॅब्रॅडॉर आहे, ब्रूनो. वय 13. त्याच्यापायी जे शिकलो, ते सांगायला आम्ही दोघे उभे आहोत.

आधी वयाचा हिशेब. कुत्र्याचे 1 वर्ष म्हणजे माणसाची 7, हे गणित ढोबळ आहे. पहिल्या वर्षातच कुत्रा माणसाच्या साधारण 15 वर्षांचा होतो, दुसऱ्या वर्षाअखेर 24 चा, आणि पुढे दरवर्षी चार-पाच वर्षांची भर पडते. मोठ्या जातीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, सातव्या-आठव्या वर्षापासूनच. तेव्हापासून वर्षातून 2 वेळा पशुवैद्याकडून तपासणी आणि रक्त-लघवीच्या चाचण्या करून घ्याव्यात. एकाएकी पाणी जास्त पिऊ लागला, लघवी वाढली, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. तेव्हा पाणी कमी करायचे नाही, डॉक्टरांना गाठायचे. रेबीजची लसही, वय झाले म्हणून चुकवायची नाही.

कुत्रा दुखणे बोलून दाखवत नाही. जिन्यापाशी थबकणे, उठताना मागचे पाय घसरणे, एकच सांधा चाटत राहणे, रात्री धापा टाकणे, ही त्याची भाषा. "आता वय झालं" म्हणून ती सोडून देऊ नये, कारण संधिवातावर औषध आहे. पण आपल्या डब्यातली गोळी त्याला कधीही देऊ नका. पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा जठर बिघडते, जीवही जातो. डोळ्यांत निळसर झाक आली की आपण लगेच मोतीबिंदू म्हणतो. पुष्कळदा ती नुसती वयाची झाक असते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील.

घरात बदल थोडेच करावे लागतात. गुळगुळीत फरशी ही म्हाताऱ्या कुत्र्याची वैरीण. आम्ही त्याच्या वाटेवर रबरी चटया टाकल्या, झोपायला जाड गोधडी घातली, नखे आणि पंजांमधले केस वेळच्या वेळी कापू लागलो. जुना टॉवेल पोटाखालून घेऊन दोन्ही टोके वर धरली की 30 किलोचा कुत्राही आपली कंबर न मोडता उभा राहतो. वजन मात्र वाढू द्यायचे नाही, त्याचा सगळा भार सांध्यांवर येतो.

रात्रीचे सांगायलाच हवे. काही म्हातारे कुत्रे रात्री-अपरात्री घरभर फिरतात, कोपऱ्यात तोंड घालून उभे राहतात, घरातच लघवी करतात. हा हट्ट नव्हे. माणसाला होतो तसा तो स्मृतिभ्रंश असू शकतो. रागावून काही साधत नाही. मंद दिवा ठेवावा, खाण्याफिरण्याच्या वेळा पाळाव्यात, सामान हलवू नये. आमच्याकडे पहाटेपर्यंत याची पाळी आणि मग त्याची, अशी वाटणी आहे. एकट्याने हे निभत नाही.

आता गणपतीचे दिवस. प्रसादातल्या पंचखाद्यात, मोदकात बेदाणे असतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कांदा-लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य. आलेल्या पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, हे आधीच सांगा. ढोल-ताशे आणि फटाके यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवून खिडक्या लावा, पंखा चालू ठेवा, कोणीतरी जवळ बसा. फारच घाबरत असेल तर डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, ऐन वेळी नव्हे.

शेवटचा विषय अवघड आहे. कुत्रा फारच थकला की डॉक्टर कधी ना कधी विचारतात, झोपवायचे का? आमच्या दोघांत यावर एकमत नाही. एकाला वाटते, आपण कोण ठरवणारे? दुसऱ्याला वाटते, त्याने आपल्यासाठी का सोसायचे? मुले फोनवर म्हणतात, आम्ही येईपर्यंत थांबा. महाभारतात युधिष्ठिराने कुत्र्याला मागे टाकून स्वर्गाच्या रथात बसायला नकार दिला, हे आपण सगळेच सांगतो. पण सोबत न सोडणे म्हणजे नेमके काय, हे घरात ठरवावे लागते.

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी 7 गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला 10 पैकी गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर निगा चालू ठेवण्याजोगी आहे. आम्ही दर रविवारी दोघे वेगवेगळ्या कागदांवर गुण लिहितो आणि मग कागद बदलतो. मतभेद मिटले नाहीत, पण भांडण थांबले. मुलांनाही ते आकडे कळवतो. वेळ आलीच, तर आधी गुंगी आणि मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात, वेदना होत नाहीत, हेही विचारून ठेवले आहे. त्या वेळी दोघांनीही जवळ बसायचे, एवढे मात्र एकमताने ठरले आहे.

मंडळाकडे एकच मागणे. आपल्यापैकी कोणी आजारी पडले, गावाला गेले, तर त्या घरचे म्हातारे जनावर दोन दिवस सांभाळतील अशा चार घरांची यादी आपण करू या. पहिले नाव आमचे लिहा.